नासाची एडीएस सेवा : खगोलशास्त्रज्ञाच्या कामाचा हिशेब काढताना

मी एका संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांच्या देवघेवीपेक्षा माझा अधिक वेळ हिशेब काढून देण्यात जातो. कोणाची पदोन्नती आली, पुरस्कारासाठी नाव पाठवायचे ठरले किंवा निवड समितीची बैठक तोंडावर आली, की निरोप येतो : अमुक खगोलभौतिकशास्त्रज्ञाचे एकूण शोधनिबंध किती, सायटेशन (म्हणजे इतर लेखांनी त्यांचा संदर्भ दिल्याच्या नोंदी) किती, एच-इंडेक्स (या दोन्हींवरून काढलेला एक आकडा) किती, आणि हे सगळे उद्या दुपारपर्यंत हवे. हा हिशेब मी गेली अनेक वर्षे मुख्यतः ज्या एका सेवेवर काढत आले, ती म्हणजे ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’, अर्थात सर्वांच्या तोंडी बसलेली एडीएस. शोधनिबंध शोधून काढण्यासाठी या तोडीची सेवा मला अन्य कोणत्याही विज्ञानशाखेत आढळलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. आकड्यांसाठीही ती चांगली आहे, पण तक्त्यातली कोणती ओळ वाचायची हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी. तिचा मोठा दोष तिच्या गुणातूनच निघतो : आकड्यांचा तक्ता इतक्या सहज हाती येतो, की मागवणारा तिथेच थांबतो.

ही सेवा नासाच्या अनुदानावर स्मिथसोनियन ॲस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरी चालवते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुरू झाली आणि १९९४ मध्ये वेबवर आली, म्हणजे गूगल स्कॉलर या गूगलच्या शोधनिबंध-शोधसेवेच्या दहा वर्षे आधी. ती पूर्णपणे विनामूल्य असून नुसत्या शोधासाठी खाते उघडण्याचीही गरज नाही. आज तिच्यात दीड कोटीहून अधिक नोंदी आहेत. त्या खगोलशास्त्र, भौतिकी आणि सर्वसाधारण विज्ञान अशा संग्रहांत विभागलेल्या आहेत, आणि जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून तीही जोडलेली आहेत, त्यामुळे पूर्वी ज्यासाठी तळघरातले धुळकट खंड उपसावे लागत, ते पान आता जागेवर बसून वाचता येते.

या शाखेचे नशीबही असे, की ती आकाराने आटोपशीर आहे. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’, ‘ॲस्ट्रॉनॉमिकल जर्नल’, ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ‘मंथली नोटिसेस’ आणि युरोपातले ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ अशा मोजक्या नियतकालिकांत तिचा बहुतांश ऐवज येतो. शिवाय १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’ या प्रीप्रिंटच्या, म्हणजे छपाईपूर्व मसुद्यांच्या, भांडारात आपला लेख आधी टाकण्याची सवय या लोकांना पहिल्यापासून लागलेली आहे. एडीएस प्रीप्रिंट आणि त्याचे छापील रूप यांची एकच नोंद करते, म्हणून कोणी छापून येण्यापूर्वीच्या मसुद्याचा संदर्भ दिलेला असला तरी ते सायटेशन त्याच खात्यावर जमा होते. अन्यत्र हीच दोन रूपे वेगवेगळी राहून सायटेशन विभागले गेलेले मी अनेकदा पाहिले आहे.

एडीएसवर माझा विश्वास बसला तो तिच्या एका छोट्याशा व्यवस्थेमुळे. प्रत्येक नोंदीला एकोणीस अक्षरांचा एक संकेतांक असतो. त्याला बिबकोड म्हणतात. पहिल्या चार जागा वर्षाच्या, पुढच्या पाच नियतकालिकाच्या संक्षेपाच्या, चार खंडाच्या, एक जागा विशेष खुणेसाठी, चार पृष्ठांकाच्या, आणि शेवटचे अक्षर पहिल्या लेखकाच्या आडनावाचे. रिकाम्या जागी टिंबे भरतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा श्वेतबटूंच्या (इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांच्या) कमाल वस्तुमानावरचा सुप्रसिद्ध निबंध घ्या : १९३१, मग एपीजे ही तीन अक्षरे, मग टिंबांच्या सोबतीने ७४, मग तशाच टिंबांनंतर ८१, आणि अखेरीस चंद्रशेखरांचा सी. ज्याला संकेत ठाऊक आहे तो नुसता संकेतांक पाहून सांगेल, की हे ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’च्या चौऱ्याहत्तराव्या खंडातले एक्याऐंशीवे पान आहे. संगणकाला लागणारी खूण माणसालाही वाचता यावी, असा विचार अलीकडच्या सेवांमध्ये क्वचितच दिसतो. कोणी चुकीचा पृष्ठांक लिहून आणला, तर या संकेतांकात दोन अंक बदलून पाहून मी कित्येकदा खरा लेख गाठलेला आहे.

आता मुख्य कामाकडे वळू. एखाद्या शास्त्रज्ञाचे संशोधन मोजायचे म्हणजे आधी ते त्याचेच आहे याची खात्री करायची, आणि निम्म्याहून अधिक वेळ इथेच जातो. चंद्रशेखरांचेच उदाहरण पुढे चालवते. लेखकाच्या रकान्यात आडनाव, स्वल्पविराम आणि आद्याक्षर असे लिहून शोध घेतला, की खगोलशास्त्राच्या संग्रहापुरते बहुतेक लेख त्यांचेच निघतात. पण भौतिकीचा संग्रह जोडला, की द्रव स्फटिकांवरचे लेख मध्येच डोकावू लागतात. ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचे. १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारे द्रव स्फटिक शोधून काढणारे तेही मोठेच भौतिकशास्त्रज्ञ. आद्याक्षर तेच, नाव तेच, काळही काही दशके समांतर. यंत्राला या दोघांत फरक करता येत नाही. करायचा तो आपण, विषय पाहून, संस्था पाहून, सहलेखक पाहून. बाजूच्या पट्टीत संग्रह, वर्ष, नियतकालिक आणि सहलेखक यांची चाळणी लावता येते. दहा-पंधरा मिनिटांत यादी स्वच्छ होते, पण ती दहा-पंधरा मिनिटे खर्चणारा माणूस हवा.

उलट अडचणही असते, एकाच व्यक्तीची दोन नावे. मार्गारेट बर्बिज यांनी १९४८ मध्ये जेफ्री बर्बिज यांच्याशी विवाह केला, त्यापूर्वीचे त्यांचे काम पीची या माहेरच्या आडनावाने आहे. पुढे पतिपत्नी दोघेही खगोलशास्त्रात आणि दोघेही बर्बिज, त्यामुळे आद्याक्षर न देता शोध घेतला तर एक संसार उभाच राहतो. ताऱ्यांमध्ये मूलद्रव्ये कशी घडतात हे मांडणारा १९५७ चा चौघांचा विख्यात निबंध तर दोन बर्बिज, फाउलर आणि हॉइल अशा वर्णानुक्रमाने लिहिलेला आहे, म्हणजे पहिले नाव कोणाचे यावरून कोणी किती काम केले हे तिथे ताडताच येत नाही. एडीएस नावांची पर्यायी रूपे स्वतःच्या यादीतून आपोआप जोडून घेते. ते नको असेल तर नावाआधी बरोबरचे चिन्ह घालावे, आणि केवळ प्रथम लेखक म्हणून केलेले काम हवे असेल तर नावाला वर टोक असलेली छोटी टोपी चढवावी. ही दोन चिन्हे ज्याने शिकून घेतली, त्याला सेवेचा निम्मा उपयोग कळला असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगते. २०१२ पासून सुरू झालेला ऑर्किड हा सोळा अंकी संशोधक-क्रमांक एडीएसमध्ये जोडता येतो आणि त्याने हा घोळ पुष्कळ मिटतो, पण ज्येष्ठ मंडळींनी आपले जुने लेख त्या क्रमांकाखाली आणून ठेवलेले असतीलच असे नाही, आणि दिवंगतांचा तर प्रश्नच मिटला.

एवढे मी का सांगते, तर या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलेले आहे. ग्रंथालयात नवी असताना एका अर्जदाराचा हिशेब मी दुसऱ्याच एका सेवेवरून काढला होता. तिचे नाव घेत नाही, कारण चूक माझ्याच घाईची होती. आकडा भरघोस निघाला आणि मी तो तसाच पाठवून दिला. दोन दिवसांनी स्वतः अर्जदारानेच कळवले, की यादीतले सोळा लेख अर्धवाहकांवरचे आहेत आणि ते लिहिणारे गृहस्थ त्याला माहीतही नाहीत. सुधारून काढलेला आकडा पहिल्याच्या जेमतेम दोनतृतीयांश भरला. त्या माणसाने प्रामाणिकपणे कळवले नसते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तेव्हापासून यादीतला प्रत्येक लेख डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी ‘मेट्रिक्स’चे बटण दाबत नाही.

ते बटण दाबले की जे पान उघडते, ते एडीएसचे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घाईने वाचले जाणारे पान. त्यात प्रत्येक आकड्याचे दोन स्तंभ असतात, एक एकूण कामाचा आणि दुसरा तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या लेखांचा. हा फरक बारीक वाटतो, पण मोठा आहे. एडीएस परिषदांच्या सारांशांची, दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावांची, दूरतारांसारख्या छोट्या सूचनांची आणि संगणकीय आज्ञावलींचीही नोंद करते. शोधासाठी ही उदारता उत्तमच, पण त्यामुळे एकूण शोधनिबंधांच्या रकान्यात दोनशेचा आकडा दिसणाऱ्याचे तपासून छापलेले लेख साठच असू शकतात. मी अहवालात दुसरा स्तंभच आधी देते. सायटेशनच्या भागात एकूण बेरजेखेरीज सरासरी, मध्यक (क्रमाने मांडलेल्या लेखांतल्या मधल्या लेखाचा आकडा) आणि स्वतःच स्वतःच्या लेखांना दिलेल्या सायटेशनची संख्या वेगळी दाखवलेली असते. त्यांपैकी मध्यकाची ओळ सहसा कोणी वाचत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत बोलकी असते : सरासरी ऐंशी आणि मध्यक सहा असे दिसले, की एखाददुसऱ्या लेखाने सगळा डोलारा उचललेला आहे हे लगेच कळते.

खाली निर्देशांकांचा गट असतो. त्यात पहिला मान एच-इंडेक्सचा. हॉर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लेख मांडायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतके किंवा अधिक आहेत तो क्रमांक घ्यायचा, इतका तो सोपा आहे. एका संशोधकाच्या सहा लेखांना अनुक्रमे ६, ५, ४, ४, १ आणि ० सायटेशन आहेत असे समजा. चौथ्या लेखाला चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून एच चार. दुसऱ्याच्या पहिल्या लेखाला सहाऐवजी साठ आहेत, बाकी सारे तेच, तरी त्याचाही एच चारच. पहिल्या लेखाने साऱ्या शाखेला नवी दिशा दिली असली तरी या निर्देशांकाला त्याची खबर नाही. लिओ एगे यांनी २००६ मध्ये सुचवलेला जी-इंडेक्स हा फरक टिपतो, कारण तो वरच्या लेखांच्या सायटेशनची बेरीज क्रमांकाच्या वर्गाशी ताडतो. वरच्या उदाहरणात पहिल्याचा जी चार येतो आणि दुसऱ्याचा सहा. एचला पहिल्या लेखापासूनच्या वर्षांनी भागले की एम मिळतो. तरुणांची आणि ज्येष्ठांची तुलना करायची झाली तर निदान हा तरी पाहावा, अन्यथा एच मुख्यतः वय मोजतो.

खगोलभौतिकीत मात्र या सगळ्या आकड्यांना सुरुंग लावणारी गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याबाबतीत एडीएस इतरांपेक्षा पुष्कळ पुढे आहे. गुरुत्वलहरींच्या पहिल्या थेट नोंदीचा लेख फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला, त्याचे लेखक हजारावर आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची घटना गुरुत्वलहरींत आणि दुर्बिणींतही टिपली गेली, तिच्यावरच्या संयुक्त लेखाला तीन हजारांहून अधिक लेखक आहेत. असे दहा लेख ज्याच्या नावावर आहेत, त्याची सायटेशनची बेरीज एकट्याने बसून सिद्धांत मांडणाऱ्याच्या कितीतरी पट निघणार हे उघड आहे. त्यातल्या एखाद्याने शोधयंत्राच्या आरशांवर वीस वर्षे घालवलेली असतील, दुसरा गटात सहा महिन्यांपूर्वीच आला असेल. लेखकांच्या वर्णानुक्रमी यादीत दोघेही सारखेच. यात फसवणूक कोणाचीच नाही. एवढे प्रचंड यंत्र उभे करणाऱ्यांना श्रेय दुसऱ्या कोणत्या मार्गाने द्यायचे, हा प्रश्न त्या मंडळींनाही सुटलेला नाही.

एडीएसच्या तक्त्यात ‘नॉर्मलाइज्ड’ अशा ओळी असतात त्या याचसाठी. प्रत्येक लेखाची सायटेशन त्याच्या लेखकसंख्येने भागून मग बेरीज केलेली असते. तिघांच्या लेखाला नव्वद सायटेशन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस. हजार लेखकांच्या लेखाला दहा हजार असली तरी वाट्याला दहा. हा न्याय अगदीच तराजूचा आहे आणि आरशांवर वीस वर्षे घालवणाऱ्यावर तो अन्याय करतो, हे मला मान्य आहे. तरी मूळ बेरीज आणि भागलेली बेरीज शेजारी ठेवली, की माणूस कोणत्या तऱ्हेचे काम करतो हे कळते, आणि समितीला तेवढेच कळणे पुष्कळदा पुरेसे असते. हे दोन आकडे अहवालात एका ओळीत द्यायला लागल्यापासून मला येणारे उलट प्रश्न बदलले. पूर्वी विचारत, ‘एवढे कमी का?’ आता विचारतात, ‘मोठ्या गटातले त्यांचे नेमके काम कोणते?’

याच दिशेने आणखी पुढे गेलेले टोरी आणि रिक असे दोन निर्देशांकही तिथे आहेत. ते एडीएसशी संबंधित संशोधकांनीच २०१२ मध्ये मांडले. टोरीमध्ये स्वतःची सायटेशन वगळून बाकी प्रत्येक सायटेशनचे वजन दोनदा कमी केले जाते : उल्लेख करणाऱ्या लेखाच्या संदर्भसूचीची लांबी आणि उल्लेखिलेल्या लेखाच्या लेखकांची संख्या, या दोहोंनी. चौघांचा लेख पन्नास संदर्भांच्या लेखात उल्लेखला गेला, तर प्रत्येकाच्या खात्यात दोनशेवा भाग पडतो. जिथे संदर्भसूच्या लांबलचक असतात तिथे प्रत्येक उल्लेखाची किंमत आपोआप घटते, त्यामुळे वेगवेगळ्या उपशाखांची तुलना थोडी शक्य होते. टोरीचे वर्गमूळ काढून कारकिर्दीच्या वर्षांनी भागले आणि हजाराने गुणले, की रिक. टोरी ३६ आणि कारकीर्द वीस वर्षांची असेल, तर रिक ३०० येतो. कल्पना म्हणून मला हा प्रकार एच-इंडेक्सहून कितीतरी सरस वाटतो. व्यवहार म्हणाल, तर इतक्या वर्षांत टोरी कोणी आपणहून मागितल्याचे मला आठवत नाही. ज्या निर्देशांकाचा हिशेब बोटांवर करता येत नाही, त्यावर समितीचा विश्वास बसत नाही.

लेख किती वाचले गेले याची नोंदही एडीएस ठेवते. सायटेशन जमायला वर्षे लागतात, वाचन मात्र लेख आल्या दिवसापासून सुरू होते, म्हणून चार-पाच वर्षांपूर्वीच कामाला लागलेल्यांसाठी हा आलेख उपयोगी पडतो. अर्थात उघडलेले पान आणि वाचलेले पान यांत अंतर असते, हे ग्रंथपालाला कोणी सांगायला नको.

आता जे या तक्त्यात येतच नाही त्याविषयी. पुन्हा चंद्रशेखरांच्या १९३१ च्या त्या लेखाकडे येते. तो दोन पानांचा आहे आणि लिहिणाऱ्याचे वय तेव्हा वीस होते. त्यात काढलेली कमाल वस्तुमानाची मर्यादा सूर्याच्या ०.९१ पट आहे, कारण ताऱ्यातील द्रव्याच्या रचनेविषयी तेव्हाचे गृहीतक निराळे होते. आज आपण सुमारे १.४ पट म्हणतो. जगभरात रोज कुठे ना कुठे चंद्रशेखर मर्यादा हे शब्द लिहिले जात असतील, पण ते लिहिणारा मूळ लेख संदर्भसूचीत घालतोच असे नाही, कारण आता ते सर्वांचे ज्ञान झाले आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचे वर्णन करून ठेवले आहे : कल्पना इतकी अंगवळणी पडते, की तिचा धनी संदर्भांतून पुसला जातो. याच चंद्रशेखरांनी १९५२ ते १९७१ अशी एकोणीस वर्षे ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादन केले आणि त्याला जगातल्या अग्रगण्य नियतकालिकाचे रूप दिले. इतरांचे हजारो लेख त्यांच्या हातून पुढे गेले असतील, पण मेट्रिक्सच्या पानावर या कामाला एकही रकाना नाही. शिवाय त्यांच्या ग्रंथांचे मोल मोठे, आणि ग्रंथांच्या बाबतीत सायटेशनच्या नोंदी कुठेही लेखांइतक्या भरवशाच्या नसतात, एडीएसमध्येही नाहीत.

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये एका स्विस नियतकालिकात जर्मन भाषेत लिहिले, की कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचा वेग पाहता तिथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे. एडीएसवर या लेखाच्या सायटेशनचा आलेख जरूर उघडून पाहावा. कित्येक दशके जमिनीला चिकटलेली रेघ, आणि मग अलीकडच्या काळात उंच होत गेलेले स्तंभ. झ्विकींच्या उमेदीच्या वर्षांत एम-इंडेक्स काढला असता तर या लेखाचा त्यात जवळजवळ काहीच वाटा नसता. जोसलिन बेल यांनी पल्सारचे, म्हणजे ठरावीक तालात स्पंद देणाऱ्या ताऱ्याचे, पहिले स्पंद कागदाच्या पट्टीवर हेरले, पण १९६८ च्या लेखात त्यांचे नाव दुसरे आहे आणि पहिले त्यांच्या मार्गदर्शकांचे, अँटनी ह्यूइश यांचे. टोपीचे चिन्ह लावून केलेल्या शोधात तो लेख बेल यांच्या नावावर येणारच नाही. आणि याच्या उलट टोकाला श्लेगेल, फिंकबाइनर आणि डेव्हिस यांचा १९९८ चा आंतरतारकीय धुळीचा नकाशा : ज्याला ज्याला आकाशगंगेच्या धुळीमुळे मंद झालेला प्रकाश दुरुस्त करायचा असतो, तो हा लेख उद्धृत करतो, आणि अशांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेलेली आहे. हे सायटेशन म्हणजे कल्पनेला दिलेली दाद नव्हे, कामाच्या हत्याराची पोचपावती आहे. मला विचाराल तर ती दाद दुय्यम मानण्याचे कारण नाही, पण आकडा एकाच रकान्यात पडतो आणि जात वेगळी आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक हवे.

इतर सेवांशी तुलना थोडक्यात उरकते. गूगल स्कॉलरचा आकडा बहुधा एडीएसपेक्षा मोठा निघतो, कारण प्रबंध, टिपणे, अहवाल असे बरेच काही त्यात मोजले जाते. पण नेमके काय धरले आणि काय सोडले हे तपासायला जागा नाही, आणि व्यक्तिचित्राचे पान संशोधकाच्या स्वतःच्या हाती असते. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या वर्गणीच्या सेवा आहेत. संस्था अन्य शाखांचीही असेल तर त्या लागतातच, पण केवळ खगोलशास्त्रासाठी कोणी त्या घ्याव्यात असे मला वाटत नाही. मूलकण भौतिकीच्या काठावर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे विश्वरचनाशास्त्र किंवा गुरुत्वाकर्षणाच्या सैद्धांतिक बाजूला असणाऱ्यांसाठी, इन्स्पायर ही सेवा सोबत पाहावी. स्वतःची सायटेशन वगळण्याची कळ तिथे पहिल्या पानावरच आहे, आणि हे एडीएसने उचलायला हरकत नाही.

कुरबुरी आहेत. साध्या जुन्या पानांची एडीएस २०१९ मध्ये बंद झाली. नवे रूप देखणे आहे, पण धीम्या जोडणीवर जड जाते. त्यासाठी साध्या पानांची एक हलकी आवृत्ती ठेवलेली आहे, ती मात्र किती जणांना माहीत असेल याची शंकाच आहे. शोधभाषा एकदा शिकली की हातात शस्त्र येते, शिकेपर्यंत मात्र कंस आणि अवतरणचिन्हांत जीव गुदमरतो. खगोलशास्त्राच्या बाहेरून, म्हणजे अभियांत्रिकीच्या किंवा रसायनशास्त्राच्या नियतकालिकांतून आलेली सायटेशन तुटपुंजी सापडतात, त्यामुळे उपकरणे बनवणाऱ्यांचा हिशेब एकट्या एडीएसवर काढू नये. आता ग्रहविज्ञान, भूविज्ञान आणि सूर्यभौतिकी यांनाही सामावून घेणाऱ्या सायएक्स या विस्तारित रूपाकडे ही सेवा निघालेली आहे. व्याप्ती वाढेल ते चांगलेच. या आटोपशीर शाखेची आटोपशीर नीटनेटकी सेवा विस्तारात सैल होऊ नये, एवढी काळजी मला वाटते.

मात्र आकड्यांपलीकडे जाण्याची जी साधने इथे आहेत, त्यांच्याविषयी फारच कमी बोलले जाते. निवडलेल्या लेखांचा उल्लेख कोणी कोणी केला, त्या उल्लेखकर्त्यांमध्ये परीक्षणपर लेख कोणते, सहलेखकांची जाळी कशी पसरली आहे, हे सगळे दोन-तीन टिचक्यांत उघडते. एखादे सायटेशन कौतुकाचे आहे, खंडनाचे आहे की प्रस्तावनेतल्या रांगेत उभे केलेले आहे, हे जाणायला उल्लेख करणारा लेखच उघडावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याचा मोकळा मजकूर त्याच पानावरून मिळतो. ‘लायब्ररी’ नावाच्या सोयीत निवडक लेखांचा संच करून त्याचा दुवा दुसऱ्याला पाठवता येतो. अलीकडे मी तक्त्यासोबत हा दुवा जोडू लागले आहे : संशोधकाने स्वतः निवडलेले पाच लेख, आणि त्या प्रत्येकाचा उल्लेख करणाऱ्यांपैकी दोन-दोन. एकूण पंधरा नोंदी. मागच्या खेपेस एका ज्येष्ठ सदस्यांनी बैठकीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून विचारले, की यातला तिसरा लेख उघडत नाही, स्कॅन केलेली प्रत कुठे आहे. तोवर तक्त्याबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नव्हता.